बांध ओलांडताना जनावराकडे बघा

आठवडी बाजारात बैल घेणारा माणूस आधी दात बघतो, मग खांदा, शिंगं, खूर, आणि शेवटी दावं हातात घेऊन जनावराला थोडं चालवून बघतो. चाल सरळ पडली की बोलणी पुढे सरकतात. पशुवैद्यकीय दवाखान्यातही जनावर अडखळतंय अशी तक्रार आली की पहिली नजर पायाकडे जाते. काटा मोडलाय का, खुरात जखम आहे का, सांधा सुजलाय का, हे आधी पाहिलं जातं. ही पारख पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे आणि ती चुकीची नाही. पण तिच्यात एक मोठी उणीव आहे: ती सपाट जागेवर होते. मोठ्या मेंदूला इजा झालेलं जनावर सपाट जागेवर बऱ्याचदा नीट चालतं. त्याचं दुखणं उघडं पडतं ते शेताचा बांध, पाटाची चारी, गोठ्याचा उंबरठा किंवा उन्हाळ्यात भेगाळलेलं काळं रान ओलांडताना. त्या वेळी कोणी नीट बघत नाही, आणि बघितलंच तर ‘पाय लागला’ म्हणून सोडून देतो. परभणीसारख्या जिल्ह्यात, जिथे शेळी, मेंढी, बैल आणि म्हैस हीच हजारो घरांची चालती पुंजी आहे, तिथे अडखळणाऱ्या जनावराची तपासणी अडथळा ओलांडायला लावून झाली पाहिजे. दोष डोक्यात तर नाही ना, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला गेला पाहिजे. तो उशिरा विचारल्यामुळे वाचू शकणारी जनावरं जातात, आणि कधीकधी माणसाचाही जीव धोक्यात येतो.

मेंदू बिघडला तर चालणंच बिघडेल, असं आपल्याला सहज वाटतं. शरीराची रचना मात्र वेगळं सांगते. मान कापलेली कोंबडी काही क्षण धावते हे खेड्यातल्या प्रत्येकाने पाहिलेलं असतं. त्यामागचं कारण शास्त्राने शंभर वर्षांपूर्वीच शोधलं. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ थॉमस ग्रॅहम ब्राऊन यांनी १९११ मध्ये मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की मज्जारज्जूचा मेंदूशी संबंध तोडला तरी पाय उचलणं आणि टेकवणं यांची आलटून पालटून चालणारी लय पाठीच्या कण्यातच तयार होऊ शकते. पुढे १९६६ मध्ये मॉस्कोत शिक, सेवेरिन आणि ओर्लोव्स्की यांनी मोठा मेंदू काढून टाकलेल्या मांजराच्या मध्यमेंदूतल्या एका लहानशा जागी विजेचा सौम्य प्रवाह सोडला. फिरत्या पट्ट्यावरचं ते मांजर चालू लागलं, आणि प्रवाह वाढवत नेला तसं दुडकू आणि मग धावू लागलं. इतकंच काय, चालताना पंजाच्या वरच्या बाजूला काही लागलं तर पाय चटकन जास्त उंच उचलण्याची क्रियाही कण्यातूनच होते, हे स्वीडनमधल्या संशोधकांनी १९७५ मध्ये मज्जारज्जू तोडलेल्या मांजरांत दाखवलं. म्हणजे ठेच लागल्यावर सावरण्याची सोय कण्यात आहे. ठेच लागण्याआधीच पाय उचलायचा असेल, तर मात्र समोरची वस्तू बघणं, तिची उंची आणि अंतर जोखणं आणि नेमक्या त्याच पावलाला वेगळा हुकूम देणं, हे सगळं मोठ्या मेंदूला करावं लागतं. या लेखाचं सगळं म्हणणं या फरकावर उभं आहे.

ऑक्सफर्डमधल्या लिडेल आणि फिलिप्स यांनी १९४४ मध्ये मांजराच्या मेंदूतून कण्याकडे हालचालींचे हुकूम नेणारा मुख्य मार्ग तोडून पाहिला. ती मांजरं सपाट जमिनीवर चालायला लागली, पण अरुंद फळीवर आणि आडव्या शिडीच्या दांड्यांवर त्यांचे पाय चुकू लागले. १९९३ मध्ये बेलोझेरोव्हा आणि सिरोटा यांच्या प्रयोगातही तेच दिसलं. हालचालींचं नियंत्रण करणारा मोठ्या मेंदूचा भाग निकामी असताना साधी चाल टिकली, पण शिडीच्या दांड्यावर नेमकं पाऊल ठेवणं जमेना. मॉन्ट्रियल विद्यापीठातले ट्रेव्हर ड्रू यांनी १९८० च्या दशकापासून चालत्या मांजराच्या त्याच भागातल्या पेशींचे विद्युतसंकेत टिपले, तेव्हा अडथळ्यावरून पाय नेण्याच्या पावलाला त्यातल्या अनेक पेशी एरवीपेक्षा कितीतरी जोराने काम करताना दिसल्या. प्रयोगशाळेतली ती शिडी परभणीच्या शेतकऱ्याला नवी नाही. चैत्र-वैशाखात आपली काळी जमीन उभीआडवी फाटते, आणि जनावराला दोन भेगांमधल्या ढेपेवर नेमका खूर ठेवत जावं लागतं. जे जनावर गाडीवाटेवर ठीक चालतं आणि भेगाळलेल्या रानात वारंवार फसतं, त्याच्याबद्दल त्या मांजरांनी आपल्याला आधीच सांगून ठेवलेलं आहे.

चार पायांच्या प्राण्यापुढे आणखी एक प्रश्न असतो, आणि तो दोन पायांवर चालणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. पुढचे पाय बांधावरून गेले की बांध पोटाखाली येतो. मागचा पाय उचलायची वेळ येते तेव्हा डोळ्यांना तो दिसतच नाही. मग मागचा पाय नेमका किती उचलायचा हे कशावरून ठरतं? कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातले मॅकव्हे आणि किअर पिअर्सन यांनी याचं उत्तर २००६ मध्ये दिलं. मांजराचे पुढचे पाय अडथळ्यावरून गेल्यावर त्यांनी त्याला खाणं दाखवून तिथेच थांबवलं आणि त्याच्या नकळत अडथळा खाली घेतला. बऱ्याच वेळाने, काही वेळा १० मिनिटांनीही, मांजर पुढे निघालं तेव्हा त्याने मागचे पाय नसलेल्या अडथळ्यासाठी उंच उचलले. आठवण मेंदूत पक्की बसलेली होती, आणि ती बसली होती पुढच्या पायांनी अडथळा ओलांडल्यामुळे. पुढचे पाय पलीकडे जाण्याआधीच थांबवलं तर मात्र ती टिकत नव्हती. २००९ मध्ये याच गटाने दाखवलं की मोठ्या मेंदूच्या वरच्या, मागच्या बाजूच्या एका विशिष्ट पट्ट्याला इजा केली की ही टिकाऊ आठवण नाहीशी होते. पाय शाबूत असतात, ताकद असते, चाल असते. फक्त पोटाखाली काहीतरी आहे हे मेंदू विसरलेला असतो, आणि मागचा खूर तिथे आदळतो.

२०१५ नंतरचे उंदरांवरचे प्रयोग या चित्रात एक मोलाची भर घालतात. लोपेश आणि कॅम्फ यांच्या गटाने हालचालींचं नियंत्रण करणारा भाग निकामी केलेल्या उंदरांना पायऱ्यांच्या वाटेवर सोडलं. ओळखीच्या, पक्क्या पायऱ्यांवरून ते उंदीर निरोगी उंदरांसारखेच गेले. पण एक पायरी अचानक डगमगती केली, तेव्हा निरोगी उंदरांनी क्षणात स्वतःला सावरलं, तर इजा झालेल्यांतले काही जागच्या जागी थिजून उभे राहिले. यावरून एक व्यावहारिक गोष्ट कळते. रोजच्या सवयीच्या वाटेवर जनावर ठीक दिसतं म्हणून निर्धास्त राहू नये. गोठ्याच्या ओळखीच्या उंबरठ्यापेक्षा नव्याने आडवा टाकलेला बांबू जास्त खरं सांगतो. लहान मेंदूच्या दुखण्याची तऱ्हा याहून निराळी असते. तिथे पाय उचलला जातो, पण मापाबाहेर उचलला जातो आणि धपकन टेकवला जातो. हातभर उंचीची गरज नसताना पाय पोटाशी नेणारं करडू किंवा वासरू बघितलं की पशुवैद्यकाला लहान मेंदूची शंका यायलाच हवी. तिथला बिघाड, तसाच मेंदूच्या देठातला बिघाड, सपाट जागेवरही झोकांड्यांतून दिसतो. सपाट जागेवर लपून राहतं ते मोठ्या मेंदूचं दुखणं, आणि म्हणून त्याच्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं.

आता हे सगळं मराठवाड्यातल्या कळपापर्यंत आणू. शेळ्या-मेंढ्यांमध्ये गिड नावाचा रोग आहे. कुत्र्याच्या आतड्यात राहणाऱ्या एका पट्टकृमीची अंडी विष्ठेतून गवतावर पडतात, शेळी-मेंढी चरताना ती पोटात जातात, त्यातून निघालेल्या अळ्या आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरतात. त्यातल्या ज्या मेंदूत किंवा मज्जारज्जूत पोचतात, त्याच पुढे वाढतात. काही महिन्यांत तिथे पाण्याने भरलेली पिशवी तयार होते. ती पाच सेंटिमीटर किंवा त्याहूनही मोठी होऊ शकते, आणि तिच्या आतल्या भिंतीवर पुढच्या पट्टकृमींची असंख्य डोकी चिकटलेली असतात. पिशवी मेंदू दाबत जाते. जनावर कळपातून मागे पडतं, मान एका बाजूला धरतं, एकाच दिशेला गोल फिरतं, एका डोळ्याने दिसेनासं होतं, अडथळ्याला धडकतं. बहुतेकदा हे तरण्या जनावरांत होतं. काही वेळा पिशवीवरची कवटीची जागा इतकी पातळ होते की अंगठ्याने दाबली तर मऊ लागते. उजव्या अर्ध्या मेंदूत पिशवी असेल तर डाव्या डोळ्याची आणि डाव्या पायांची गडबड होते, कारण मेंदूचा एक भाग शरीराच्या विरुद्ध बाजूचा कारभार बघतो. म्हणजे दोष दिसणार डाव्या पायात, आणि तो असणार उजव्या बाजूला, डोक्याच्या आत. डाव्या पायाला कितीही लेप लावले, शेकलं, सुई टोचली तरी काय उपयोग? वेळेत ओळखलं तर शस्त्रक्रियेने पिशवी काढता येते, आणि भारतातल्या पशुवैद्यकांनी ती अनेकदा यशस्वीपणे केलेली आहे. गोल फिरणं हे मात्र उशिराचं लक्षण आहे. त्याआधी जनावर बांधावर ठेचकाळत असतं, आणि तो काळ आपण वाया घालवतो.

गिड हे एक उदाहरण झालं. शेळीला एकाएकी भरपूर धान्य खायला मिळालं किंवा आहार अचानक बदलला, तर पोटातले उपयोगी जीवाणू बिघडून थायमिन या जीवनसत्त्वाची उणीव होते आणि मेंदूच्या पेशी मरू लागतात. शेळी आंधळ्यासारखी धडकते, मान वर करून बघत राहते, पाय उगाच उंच टाकते. पहिल्या काही तासांत थायमिनचं साधं इंजेक्शन मिळालं तर ती आश्चर्य वाटावं इतक्या लवकर उठते, आणि दोन दिवस ‘पाय आखडलाय’ म्हणत घालवले तर मरते. मराठवाड्यात दुष्काळाच्या धाकाने मुरघास करणाऱ्यांची संख्या वाढली, हे चांगलंच झालं. पण नीट न मुरलेल्या, हवा शिरलेल्या मुरघासातून लिस्टेरिया हा जीवाणू जनावराच्या मेंदूच्या देठापर्यंत पोचतो. एक कान लोंबतो, तोंडाची एक बाजू ढिली पडते, जनावर एका बाजूला फिरतं. इथेही सुरुवातीच्या काळातच प्रतिजैविकांचा गुण येतो. चावणाऱ्या माश्यांतून पसरणारा सर्रा घोड्यात, म्हशीत, गाईबैलांत कधीकधी मेंदूची लक्षणं दाखवतो. घोड्यांमध्ये कुमरी म्हणून ओळखला जाणारा कमरेचा लुळेपणा होतो, तो गाईबैलांच्या पोटात राहणाऱ्या एका सूत्रकृमीच्या अळ्या डासांमार्फत भलत्याच प्राण्याच्या मज्जारज्जूत शिरल्यामुळे. शेळ्या-मेंढ्यांनाही तो होतो. या प्रत्येकात तक्रार एकच येते, ‘पाय टाकत नाही’. उपचार मात्र प्रत्येकाचा वेगळा आहे, आणि बहुतेकांत घड्याळ जोरात पळत असतं.

आणि यातलं सर्वांत भयंकर दुखणं म्हणजे रेबीज. पिसाळलेलं जनावर अंगावर धावून येतं अशी आपली ठाम समजूत आहे. गाईम्हशींमध्ये रेबीज पुष्कळदा मुका असतो. मागचे पाय डळमळतात, उंबरठ्यावर खूर अडतो, गिळता येत नाही, लाळ गळते, हंबरण्याचा आवाज घोगरा होतो. घरच्या माणसाला वाटतं पायात कमजोरी आली आणि घशात काहीतरी अडकलं. तो प्रेमापोटी तोंडात हात घालून घसा चाचपतो. लाळेतला विषाणू हातावरच्या लहानशा ओरखड्यातूनही शरीरात जाऊ शकतो, आणि रेबीजची लक्षणं माणसात एकदा दिसू लागली की त्यावर खात्रीचा इलाज नाही. म्हणून अडखळण्याबरोबर लाळ, बदललेला आवाज, एकाएकी बदललेला स्वभाव किंवा गेल्या काही महिन्यांत कुत्रं चावल्याची आठवण असेल, तर कसलीही चाचणी करू नये, तोंडात हात तर मुळीच घालू नये. जनावर वेगळं बांधून पशुवैद्यकाला बोलवावं. लाळ लागलीच असेल तर ती जागा साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवून त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात लस घ्यावी. पायाचं दुखणं डोक्यात असू शकतं हे घराघरात माहीत असण्याची गरज मला सर्वांत तीव्रतेने वाटते ती याच ठिकाणी. बाकीच्या रोगांत चुकीच्या निदानाची किंमत जनावर मोजतं. इथे ती माणूस मोजतो.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. लंगडणाऱ्या दहा जनावरांत बहुतेकांचं दुखणं खरोखर पायातच असतं. खुरातली जखम, लाळ खुरकूत, तीन दिवसांचा तिवा, खांद्याची किंवा चवड्याची दुखापत ही आपल्याकडची नेहमीची कारणं आहेत, मग प्रत्येकाच्या मेंदूचा विचार कशाला? माझं उत्तर असं, की अडथळ्याची चाचणी हे दोन गट वेगळे करण्यासाठीच आहे. ज्याचा पाय दुखतो ते जनावर सपाट जागेवरही लंगडतं, दुखऱ्या पायावर भार टाकत नाही, प्रत्येक पावलाला मान खालीवर करतं. ज्याचा मोठा मेंदू दुखावलाय ते सपाट जागेवर भार नीट टाकतं आणि आडव्या बांबूला अडतं. दोन्ही ठिकाणी झोकांड्या खाणाऱ्याचा कणा, लहान मेंदू किंवा मेंदूचा देठ तपासायचा. ही रेषा दरवेळी इतकी स्वच्छ नसेल. दूध उतरल्यानंतरचा अशक्तपणा, विषबाधा, उतारवय यांनी ती पुसट होते, आणि मागचा पाय आदळण्यामागे मेंदूतल्या आठवणीपेक्षा कण्याचा दाब असण्याचा संभव पुष्कळ वेळा जास्त असतो. चाचणी अंतिम निदान देत नाही. पुढचा प्रश्न योग्य जागी विचारायला लावते, आणि पहिल्या दिवशी तेवढंच हवं असतं.

दुसरा आक्षेप अभ्यासकांकडून येईल. प्रयोगशाळेतलं मांजर आणि उंदीर कुठे, आणि आपला लाल कंधारी बैल किंवा उस्मानाबादी शेळी कुठे! गवत खाणाऱ्या, जन्मल्यावर तासाभरात उभ्या राहणाऱ्या प्राण्याचा मेंदू मांजरासारखाच वागेल हे गृहीत धरता येत नाही, हे मान्य. पण पुरावा फक्त मांजराचा नाही. मागच्या पायांची आठवण घोड्यांतही असल्याचं विशॉ यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पशुवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत ही गोष्ट वर्षानुवर्षं शिकवली जाते, की मोठ्या मेंदूच्या आजारात चाल जवळजवळ नेहमीसारखी राहते आणि विरुद्ध बाजूच्या पायांच्या सावरण्याच्या क्रिया मंदावतात. पाऊल उलटं करून जमिनीला टेकवायचं आणि जनावर ते किती लवकर सरळ करतं हे बघायचं, किंवा तीन पाय धरून एका पायावर बाजूला सरकवून बघायचं, या चाचण्या त्यासाठीच आहेत. मेंढीवर त्या सहज होतात. पाचशे किलोच्या बैलाला एका पायावर कोण नाचवणार? मोठ्या जनावरासाठी आडवा बांबू हीच त्या चाचणीची सोपी जागा आहे. पायाच्या नळीच्या निम्म्या उंचीवर तो ठेवायचा, जनावराला सावकाश चार-पाच वेळा दोन्ही दिशांनी न्यायचं, आणि कोणता पाय, पुढचा की मागचा, डावा की उजवा, वारंवार लागतो ते टिपायचं. शेवटच्या महिन्यातली गाभण गाय आणि उभं राहता न येणारं जनावर यातून वगळायचं. जागा बदलून, बांबूची उंची बदलून पुन्हा बघायचं, म्हणजे सवयीने झाकलेला दोषही दिसतो.

मग कामाच्या बोज्याचा मुद्दा निघतो. रिकामी पदं, लसीकरणाच्या मोहिमा, कागदपत्रं, दूरवरची गावं यांत अडकलेल्या पशुधन विकास अधिकाऱ्याला आणखी एक काम सांगणं सोपं आहे. पण या तपासणीला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, परभणीत बसून एमआरआयची स्वप्नं बघावी लागत नाहीत. आणि ती पशुवैद्यकानेच करावी असंही नाही. जिंतूरच्या डोंगरपट्ट्यातल्या किंवा गंगाखेडच्या बालाघाटाकडच्या मेंढपाळाच्या खिशात आज मोबाईल आहे. जनावर सपाट वाटेवरून जाताना एक आणि बांध ओलांडताना एक अशा दोन छोट्या चित्रफिती त्याने काढून दाखवल्या, तर दवाखान्यात दाव्याला बांधलेल्या, घाबरलेल्या जनावराकडे बघून कळणार नाही ते डॉक्टरांना बसल्या जागी कळेल. पशुवैद्यकीय मदतीच्या १९६२ या क्रमांकावर फोन करणाऱ्यालाही ‘पाय टाकत नाही’ यापेक्षा ‘वाटेवर नीट चालतं, पण बांधाला डावा पाय अडतो’ असं सांगता येईल. ऐकणाऱ्याच्या दृष्टीने या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पैशाचा आक्षेप मात्र हलक्याने घेता येत नाही. एका शेळीच्या मेंदूची शस्त्रक्रिया करण्यापेक्षा ती खाटकाला देणं परवडतं, हे पशुपालकाचं गणित त्याच्या जागी बरोबर आहे, आणि त्याला दोष देण्याचा अधिकार शहरात बसून लिहिणाऱ्याला नाही. पण ते गणित एका शेळीपाशी थांबतं. गिड झालेल्या शेळीचं किंवा मेंढीचं डोकं कापल्यावर कुठे जातं? ते कच्चंच कुत्र्यापुढे पडलं की मेंदूतल्या पिशवीतली ती असंख्य डोकी त्याच्या आतड्यात नवे पट्टकृमी होतात, आणि काही आठवड्यांनी त्याच रानात पुन्हा अंडी पडू लागतात. एका जनावराचं निदान म्हणजे त्या कळपाच्या, त्या रानाच्या आणि त्या कुत्र्यांच्या रोगाचा पत्ता. शिवाय कुत्रा आणि कत्तलीचा टाकाऊ भाग यांच्या अशाच फेऱ्यातून आणखी एक पट्टकृमी माणसाच्या यकृतात आणि फुप्फुसात पाण्याच्या मोठमोठ्या गाठी करतो, ज्या काढायला माणसाला शस्त्रक्रियेच्या टेबलावर झोपावं लागतं. म्हणून हा खर्च एकट्या मेंढपाळाच्या माथी मारण्यात अर्थ नाही. ही सार्वजनिक आरोग्याची जबाबदारी आहे.

शेवटचा आक्षेप नैतिक आहे आणि मला तो सर्वांत जड वाटतो. वर सांगितलेलं ज्ञान मांजरांचे मेंदू कापून, कणे तोडून मिळवलेलं आहे. त्याचा आधार घेणं म्हणजे त्या क्रौर्याला मान्यता देणं नव्हे का? भारतात १९६० चा प्राणीक्रूरता प्रतिबंधक कायदा आणि १९९८ चे प्रयोगांवरील देखरेखीचे नियम आहेत, आणि ते आणखी काटेकोरपणे पाळले जावेत याबद्दल दुमत नसावं. जे प्रयोग होऊन गेले ते पुसता येत नाहीत. पण त्यातून निघालेलं ज्ञान आजवर मुख्यतः माणसाच्या कामी आलं आहे: पक्षाघातानंतर माणसाला पुन्हा उंबरठा ओलांडायला शिकवण्यासाठी, यंत्रमानवाला पायऱ्या चढवण्यासाठी. ज्या प्राण्यांनी त्याची किंमत मोजली, त्यांच्याच जातभाईंच्या गोठ्यापर्यंत ते पोचू नये, हा मला दुहेरी अन्याय वाटतो. आणि इथे नव्याने एकाही निरोगी प्राण्याला इजा करण्याची गरज नाही. रोगाने आणि अपघाताने मेंदू दुखावलेली जनावरं आपल्या दवाखान्यांत येतच असतात. त्यांच्याकडे नीट बघितलं, नोंद ठेवली, मेलेल्याचं शवविच्छेदन करून दोष कुठे निघाला ते पडताळलं, तर गाई-म्हशी-शेळ्यांसाठीचं हे शास्त्र इथेच उभं राहू शकतं.

परभणीत ते उभं राहण्यासाठी लागणारं बरंच काही आहे. १९७२ पासूनचं पशुवैद्यक महाविद्यालय आहे, जे २००० साली स्थापन झालेल्या नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे आलं. कृषी विद्यापीठ आहे, शेतकऱ्यांचे मेळावे आहेत, नऊ तालुक्यांत दवाखाने आहेत. महाविद्यालयाने अडखळणाऱ्या जनावरांची एक साधी नोंदवही सुरू करावी: सपाट जागेवर काय दिसलं, बांबूवर काय दिसलं, शेवटी निदान काय निघालं. दोन-तीन वर्षांत ती चाचणी आपल्या जनावरांत किती भरवशाची आहे हे कळेल, आणि ती कमी पडली तर तसं जाहीर करावं. जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागाने मेळाव्यात बांबू आडवा टाकून हे प्रत्यक्ष दाखवावं. नगरपालिका आणि ग्रामपंचायती नसबंदीसाठी व रेबीजच्या लसीसाठी कुत्री पकडतील, तेव्हा त्याच वेळी त्यांना पट्टकृमीचं औषधही द्यावं, आणि मेंढपाळांच्या राखणीच्या कुत्र्यांना ते ठरावीक अंतराने मोफत मिळावं. मटण विकणाऱ्या प्रत्येक दुकानातून डोकी आणि टाकाऊ आतडी उकिरड्यावर जाणं थांबलं पाहिजे. ती खोल पुरावीत किंवा जाळावीत, आणि ते होतंय की नाही हे बघणारा माणूस नेमलेला असावा. हे सारं होईपर्यंत पशुपालकांना एवढीच विनंती आहे: शेळीमेंढीचं कच्चं डोकं कुत्र्याला घालू नका, आणि वाटेवर नीट चालणारं जनावर बांधावर अडखळू लागलं तर पायाला लेप लावून वाट बघत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.